शाळांची सम्यक तुलना : माँटगोमेरी काउंटीचा धडा

परीक्षांचे निकाल हाती आले की जिल्ह्यातील शाळांची यादी तयार होते. कोणती शाळा पहिली आली, कोणती शेवटी राहिली, कोणाचा निकाल वाढला, कोणाचा घसरला, याची चर्चा केंद्राच्या बैठकीपासून एस.टी. स्टँडवरील चहाच्या टपरीपर्यंत सुरू होते. वरच्या क्रमांकाच्या शाळेचा सत्कार होतो. खालच्या क्रमांकाच्या शाळेतील शिक्षकाला खुलासा द्यावा लागतो आणि पालक मुलाचा दाखला काढण्याचा विचार करू लागतात. यादीतील आकडे बहुधा खरे असतात, तरीही त्या यादीवरून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा अन्यायाचा असतो. आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकीचा कसा ठरतो, आणि न्याय्य तुलना करावयाची झाल्यास ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बौद्ध संस्थेने चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय घेण्याचे कारण उघड आहे. अशा शाळांत येणारी बहुसंख्य मुले शेतमजुरांच्या, ऊसतोड कामगारांच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या घरांतून येतात. अनेकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी तीच पहिली पिढी असते. जिल्ह्याच्या यादीत अशा शाळेचे नाव कुठे येते यावरून तिची किंमत ठरू लागली, तर शाळेने प्रत्यक्ष केलेले काम कोणालाच दिसणार नाही. उलट, यादी अन्यायकारक आहे असे म्हणून आपण हात झटकले, तर आपल्या उणिवाही आपल्याला दिसणार नाहीत. हे दोन्ही धोके टाळले पाहिजेत.

सरासरी काय झाकते

एक मानलेले उदाहरण घेऊ. ‘क’ आणि ‘ख’ या दोन शाळांत प्रत्येकी १०० विद्यार्थी आहेत. ‘क’ शाळेत ८० मुले सुस्थितीतील, शिकलेल्या घरांतील आहेत आणि २० मुले गरीब घरांतील आहेत. ‘ख’ शाळेत हे प्रमाण नेमके उलटे आहे. ‘क’ शाळेतील सुस्थितीतील ८० पैकी ६८ आणि गरीब २० पैकी ८ मुले उत्तीर्ण झाली. एकूण निकाल ७६ टक्के. ‘ख’ शाळेतील सुस्थितीतील २० पैकी १८ आणि गरीब ८० पैकी ४४ मुले उत्तीर्ण झाली. एकूण निकाल ६२ टक्के. यादीत ‘क’ शाळा १४ टक्क्यांनी पुढे राहील आणि तिचाच सत्कार होईल.

आता हेच आकडे निराळ्या रीतीने मांडून पाहू. सुस्थितीतील मुलांचा निकाल ‘क’ मध्ये ८५ टक्के आहे, तर ‘ख’ मध्ये ९० टक्के. गरीब मुलांचा निकाल ‘क’ मध्ये ४० टक्के आहे, तर ‘ख’ मध्ये ५५ टक्के. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांना ‘ख’ शाळेने अधिक चांगले शिकविले आहे. मागे पडली ती शाळा नव्हे. तिच्या वाट्याला अधिक कठीण काम आले, एवढेच त्या सरासरीचे सांगणे होते. कोण शिकायला येते हे शाळेचा एकूण निकाल आधी सांगतो, आणि शाळेने काय शिकविले हे त्यानंतर.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली पटसंख्येची. चौथीच्या वर्गात १२ मुले असतील तर एका मुलाच्या यशापयशाने निकाल आठ टक्क्यांहून अधिक वरखाली होतो. परीक्षेच्या दिवशी एखाद्याला ताप आला तरी शाळा यादीत कितीतरी घरे खाली येते. त्यामुळे लहान शाळांची नावे कधी यादीच्या अगदी वर तर कधी अगदी तळाशी दिसतात. दुसरी गोष्ट निवडीची. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडली जातात. त्या विद्यालयाच्या निकालाशी दारात आलेल्या प्रत्येक मुलाला दाखल करून घेणाऱ्या जिल्हा परिषद शाळेच्या निकालाची तुलना केल्यास ती अध्यापनाची तुलना होत नाही.

१९२७ सालचे एक भाषण

सरासरीच्या मागे जाऊन माणसे पाहण्याची दृष्टी आपल्याला नवी नाही. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले, ते आजही शिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावे असे आहे. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी शासनाच्याच अहवालाच्या आधारे सभागृहापुढे ठेवले.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. इलाख्याची एकत्रित सरासरी बाजूला ठेवून त्यांनी लोकसंख्येचे चार गट निरनिराळे मांडले. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागासवर्ग प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च अशा तिन्ही शिक्षणांत चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होता. लोकसंख्येत सर्वांत लहान असलेला प्रगत हिंदूंचा वर्ग तिन्हींत पहिला होता. प्राथमिक शाळेत प्रगत वर्गातील दर हजारी ११९ जण होते, तर मागासवर्गातील दर हजारी १८. इतके अंतर असताना सर्वांना सारखीच वागणूक देणे म्हणजे विषमता कायम ठेवणे होय, असा त्या मांडणीचा आशय होता. विषमता कोठे आहे हे दाखविण्यासाठी तुलना करावी आणि ती दिसल्यावर उपायाची मागणी करावी, ही बाबासाहेबांची पद्धती होती. तळाशी असलेल्याला हिणविण्यासाठी त्यांनी आकडे वापरले नाहीत.

एक जिल्हा, शंभरावर शाळा

गरीब मूल कोणत्या शाळेत अधिक शिकते, हे नेमके कसे तपासावयाचे? अडचण अशी की चांगल्या शाळेत जाणारे गरीब मूल आणि साध्या शाळेत जाणारे गरीब मूल यांच्या पालकांतच मुळात फरक असू शकतो. जे पालक धडपडून मुलाला दूरच्या शाळेत घालतात, त्यांची धडपड घरीही चालूच असते. मग मुलाच्या यशाचे श्रेय शाळेचे की त्या पालकांचे, हे सांगता येत नाही. ही अडचण दूर करणारा एक विरळा अभ्यास अमेरिकेतील एका जिल्ह्यात झाला. परिस्थिती परकी असली तरी प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

मेरिलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटी ही राजधानी वॉशिंग्टनला लागून आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. येथे संपूर्ण काउंटीसाठी एकच सार्वजनिक शाळा यंत्रणा असून तिच्याकडे शंभराहून अधिक प्राथमिक शाळा आहेत. हा देशातील श्रीमंत जिल्ह्यांपैकी एक मानला जातो. मात्र एका टोकाला प्रशस्त बंगल्यांच्या वसाहती, तर दुसऱ्या टोकाला स्थलांतरित मजुरांच्या दाट वस्त्या असे त्याचे रूप आहे. मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुतांशी त्याचे घर कुठे आहे यावरून ठरते. त्यामुळे घर घेताना आधी शाळेची कीर्ती पाहिली जाते, चांगल्या शाळेच्या हद्दीतील घरांच्या किमती चढतात आणि गरीब माणूस त्या हद्दीबाहेर राहतो. आपल्याकडे गावकुसाची भिंत जन्माने घातली. तिथे तीच भिंत बाजारभावाने उभी राहिली, आणि तिच्या मागेही वर्णभेदाचा जुना इतिहास आहेच.

या काउंटीने १९७४ पासून एक वेगळा कायदा राबविला. मोठी नवी वसाहत उभारणाऱ्या बिल्डरने तिच्यातील सुमारे १२ ते १५ टक्के घरे बाजारभावापेक्षा कमी किमतीत द्यावयाची, आणि त्यांपैकी एक तृतीयांशपर्यंत घरे सार्वजनिक गृहनिर्माण यंत्रणेला विकत घेता येतील, अशी त्याची तरतूद होती. परिणामी सार्वजनिक भाड्याची घरे एकाच वस्तीत साचली नाहीत. ती सुखवस्तू वसाहतींतही विखुरली गेली.

दुसरे पाऊल शाळा यंत्रणेने उचलले. १९९९ मध्ये अधीक्षक म्हणून आलेल्या जेरी वीस्ट यांनी जिल्ह्याचा नकाशा दोन रंगांत रंगविला. गरिबी अधिक असलेल्या शाळांचा परिसर ‘लाल क्षेत्र’ आणि उरलेला परिसर ‘हरित क्षेत्र’. लाल क्षेत्रातील शाळांना जाणीवपूर्वक अधिक पैसा देण्यात आला. बालवर्ग पूर्ण दिवसाचा झाला, सुरुवातीच्या इयत्तांत वर्गातील मुलांची संख्या कमी केली गेली, वाचनासाठी अधिक वेळ दिला गेला आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. लाल क्षेत्रातील प्रत्येक मुलामागे सुमारे दोन हजार डॉलर अधिक खर्च होऊ लागले. मागे असलेल्याला अधिक द्यावे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले होते.

सोडतीने घडविलेली तुलना

अशा रीतीने एकाच जिल्ह्यात दोन धोरणे शेजारी शेजारी चालू होती. एका धोरणाने गरीब कुटुंबाला सुखवस्तू वस्तीत घर दिले, दुसऱ्याने गरीब वस्तीतील शाळेला अधिक पैसा दिला. मुलाच्या शिक्षणासाठी यांतील अधिक उपयोगी कोणते?

हीथर श्वार्ट्झ या संशोधिकेने २००१ ते २००७ या काळातील ८५८ मुलांची वाटचाल तपासली आणि २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सर्व मुले सार्वजनिक भाड्याच्या घरांत राहणारी, अत्यल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील होती. या अभ्यासाचे सारे बळ एका साध्या गोष्टीत होते. कोणत्या कुटुंबाला कुठले घर मिळावे हे त्या कुटुंबाच्या धडपडीवर किंवा ओळखीवर ठरत नव्हते, ते सोडतीने ठरत होते. घर सोडतीने, आणि घरावरून शाळा. म्हणजे सारख्याच परिस्थितीतील मुले केवळ योगायोगाने निरनिराळ्या शाळांत गेली होती. ‘पालक जागरूक होते म्हणून मूल पुढे गेले’ हा आक्षेप अशा तुलनेत फारसा टिकत नाही.

शाळेची गरिबी मोजण्यासाठी मोफत किंवा सवलतीच्या दरात भोजन मिळण्यास पात्र असलेल्या मुलांचे प्रमाण पाहिले गेले. ज्या शाळांत असे प्रमाण २० टक्क्यांच्या आत होते, त्या कमी गरिबीच्या शाळा.

पहिली दोन वर्षे दोन्ही गटांतील मुलांच्या गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. पाचव्या वर्षापर्यंत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारे अंतर निर्माण झाले आणि सातव्या वर्षापर्यंत ते आणखी वाढले. कमी गरिबीच्या शाळेत गेलेली मुले पुढे निघून गेली होती. ही मुले आणि जिल्ह्यातील सुस्थितीतील मुले यांच्यात सुरुवातीला असलेली मोठी दरी प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत गणितात निम्म्याने आणि वाचनात एक तृतीयांशाने कमी झाली. हरित क्षेत्रातील शाळांवर कमी खर्च होत असूनही तेथे बसलेली गरीब मुले लाल क्षेत्रातील तशाच गरीब मुलांच्या पुढे गेली.

शाळेतील गरीब मुलांचे प्रमाण वाढत गेले तसा हा लाभ घटत गेला. हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर पोहोचले की त्या शाळेतील आणि त्याहून अधिक गरिबीच्या शाळेतील मुलांच्या प्रगतीत फरक उरत नव्हता. घराभोवतीच्या परिसराचाही काही वाटा होता, पण शाळेचा वाटा त्याहून मोठा होता.

निष्कर्षांच्या मर्यादा

या निष्कर्षांचा चुकीचा अर्थ लावणे सोपे आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे, गरीब शाळांवरील जादा खर्च वाया गेला असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. तो खर्च झाला नसता तर लाल क्षेत्रातील मुले किती मागे राहिली असती, हे या तुलनेत मोजलेलेच नाही. जादा पैसा उपयोगी असूनही एकट्याने पुरेसा नसतो, इतकेच यावरून म्हणता येते.

दुसरे, श्रीमंत मुलाच्या शेजारी बसल्याने बुद्धी येते असा याचा अर्थ नव्हे. बुद्धी दोन्ही बाकांवर सारखीच होती, सोडतीने ते निश्चित केले होते. फरक शाळेच्या परिस्थितीत होता. ज्या शाळेत बहुतेक पालक शिकलेले असतात, तेथे ते प्रश्न विचारतात आणि शाळेला जाब देणे भाग पडते. अनुभवी शिक्षक अशा शाळेत टिकून राहण्याचा संभव अधिक असतो. सगळीच मुले पुढे शिकणार हे तेथे गृहीत धरलेले असते आणि त्या अपेक्षेत गरीब मूलही सामील होते. यांतील नेमक्या कोणत्या गोष्टीने किती काम केले हे अभ्यासाने वेगळे काढून दाखविलेले नाही. मात्र या गोष्टी जेथे एकत्र असतात तेथे मूल वाढते, एवढे निश्चित.

तिसरे, हा परिणाम दिसायला पाच वर्षे लागली. दोन वर्षांनी निकाल पाहून कोणी हा प्रयोग गुंडाळला असता, तर सत्य कधीच हाती आले नसते. वर्षाच्या आत फळ मागणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने हे ध्यानात ठेवावे.

तुलना कशी करावी

या साऱ्यातून शाळांच्या न्याय्य तुलनेची काही सूत्रे हाती येतात.

एक, सारख्या मुलांची तुलना सारख्या मुलांशी करावी. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांचा निकाल दुसऱ्या शाळेतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या निकालाशी ताडून पाहावा.

दोन, मूल कुठे पोहोचले याबरोबर ते कुठून निघाले याचीही नोंद ठेवावी. पाचवीत आलेल्या ज्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, ते सातवीत उतारा वाचून त्याचा अर्थ सांगू लागले, तर ती प्रगती मोठी आहे. जिल्ह्याच्या यादीत मात्र तिला जागा नसते.

तीन, एका वर्षाच्या निकालावर निर्णय देऊ नये. विशेषतः लहान पटाच्या शाळेचे निदान तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत.

चार, परीक्षेला बसलेल्या मुलांबरोबर गळालेल्या मुलांचीही मोजदाद करावी. कच्ची मुले मधूनच निघून गेली की उरलेल्यांचा निकाल आपोआप सुधारतो. १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी चौथीपर्यंत न पोहोचलेल्या ८२ मुलांकडे बोट दाखविले होते, ते येथे आठवावे.

पाच, तुलनेचा शेवट उपायात व्हावा. ज्या यादीतून केवळ सत्कार आणि खुलासे निघतात, कोणत्या शाळेला काय कमी पडते हे निघत नाही, ती यादी शिक्षणाच्या उपयोगाची नाही.

निवासी शाळेपुढील प्रश्न

आता सर्वांत अवघड प्रश्न. माँटगोमेरीच्या मोजपट्टीने पाहिले तर आपल्यासारखी निवासी शाळा ही ‘अधिक गरिबीची’ शाळा ठरते. एकाच परिस्थितीतील मुले येथे एकत्र येतात. मग हा अभ्यास आपल्या विरुद्ध जातो काय?

त्याला बगल देणे योग्य नव्हे. मुलांना निरनिराळ्या बाकांवर बसविणारा समाज शेवटी निरनिराळे निकाल पाहतो, हे सत्य आपल्याइतके कोण जाणते? साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागलेल्या विद्यार्थ्याचे आपण वारस आहोत. म्हणून सामायिक बाकाची मागणी आपण कधीही सोडता कामा नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या आहेत, आणि महाराष्ट्रात त्या जागाही सोडतीने भरल्या जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. या तरतुदीसाठी लढणे म्हणजे एका कलमापुरते लढणे नव्हे, एकत्र बसण्याच्या हक्कासाठी लढणे आहे, हे माँटगोमेरीच्या आकड्यांवरून कळते.

परंतु जो बाक आज मिळालेला नाही, त्याची वाट पाहत मुलाचे बालपण थांबत नाही. निवासी शाळेच्या हाती एक गोष्ट आहे, जी दिवसाच्या शाळेच्या हाती नसते. मुलाचे चोवीस तास तिच्याकडे असतात. सुस्थितीतील शाळेला जे आपोआप लाभते, ते आपल्याला जाणीवपूर्वक उभे करावे लागेल. घरी पुस्तके नसतील तर वसतिगृहाचे ग्रंथालय रात्रीही उघडे असले पाहिजे. घरी अभ्यासाविषयी विचारणारे कोणी नसेल तर तो प्रश्न विचारणारा शिक्षक संध्याकाळी त्याच्याजवळ बसला पाहिजे. प्रश्न विचारणारे पालक नसतील तर ती जागा माजी विद्यार्थ्यांनी घेतली पाहिजे. वर्षातून एकदा सत्कार स्वीकारण्यापुरते न येता त्यांनी शाळेच्या नोंदी पाहाव्यात, उणिवा दाखवाव्यात आणि जाब मागावा. अनुभवी शिक्षक टिकावेत अशी व्यवस्था संस्थेने करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे मूल पुढे शिकणारच, हे गृहीत धरून त्याच्याशी बोलले गेले पाहिजे.

ऐकीव गोष्ट, रूढ समजूत किंवा कोणाचा अधिकार यांवर विसंबून काहीही स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. शाळेची कीर्ती हीही बहुधा ऐकीव गोष्टच असते आणि शाळेची बदनामीदेखील. सम्यक दृष्टी म्हणजे आहे ते आहे तसे पाहणे. आपल्या शाळेकडेही आपण त्याच दृष्टीने पाहावे. जिल्ह्याच्या यादीत नाव कोठे आले यावरून मान ताठ किंवा खाली करण्यापेक्षा, या वर्षी आलेले प्रत्येक मूल कुठून निघाले, कुठवर पोहोचले आणि वाटेत कोण गळाले, याची एक खरी वही शाळेत असावी. ती वही दरवर्षी पालकांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि आपल्यापुढे उघडावी. आपली खरी तुलना त्या वहीच्या मागच्या वर्षीच्या पानाशी आहे.